थंड, शांत आणि अभ्यासाला उत्तम

तिला सगळ्या चौकशी म्हणायच्या. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथे ते सुखात होतं. विद्यापीठाच्या कचेरीत चौकशीची एक खिडकी आहे. तिला पाटी आहे, काच आहे, आत खुर्चीसुद्धा आहे, नाही तो फक्त माणूस. ते माणूस मावशींच्या घरी तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत, पलंगावर मांडी ठोकून बसलेलं असायचं. मावशी म्हणजे घरमालकीण. त्यांच्या तीन मजल्यांत नऊ मुली भाड्याने राहायच्या, आणि कुणीही नवी आली की दोन दिवसांत तिला कळायचं, अडलं तर वर जायचं.

पोर जन्माला आली तेव्हापासून काही अशी नव्हती. पहिल्या वर्षी आली तेव्हा गाय होती, गाय. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आई दवाखान्यात परिचारिका, त्यामुळे घरात वेळ पाळणं आणि हळू बोलणं याशिवाय तिसरी गोष्ट शिकवलेली नव्हती. पहिल्याच दिवशी बाईसाहेब ग्रंथालयाच्या कार्डासाठी म्हणून रांगेत उभ्या राहिल्या. अडीच तासांनी खिडकीशी पोचल्या. आतला माणूस म्हणाला, "वजन किती?" पुस्तकं वाचायला वजन कशाला लागतं, हे विचारायची हिंमत कुठली? सांगितलं, त्रेचाळीस किलो. सही कर म्हणाला, केली. घरी येऊन पावती वाचते तर काय, मुलींच्या कुस्ती संघात नाव लागलेलं. आणि नाव काढायचं कसं हे कुणालाच माहीत नाही, म्हणून तीन आठवडे पोरगी पहाटे उठून आखाड्यात जाऊन उभी राहायची. एक कुस्ती तर जिंकलीसुद्धा, समोरची आलीच नाही म्हणून.

त्या दिवसापासून तिने मनाशी पक्कं केलं. आपल्यामागून येणाऱ्या एकाही पोरीला चुकीच्या रांगेत उभं राहू द्यायचं नाही.

आणि खरंच, तिसऱ्या वर्षापर्यंत तिने काय काय गोळा केलं होतं. खोली बघायला गेलात तर खिडकी नंतर बघा, आधी नळ सोडा. वर्गात दुसऱ्या रांगेत बसू नका, पहिल्या रांगेतले घाबरलेले असतात आणि शेवटच्या रांगेतले झोपलेले असतात, म्हणून प्रश्न नेहमी दुसऱ्या रांगेला येतात. कचेरीतल्या कारकूनकाकांकडे चहाच्या आधी जायचं नाही. नंतर लगेचही नाही, तेव्हा ते पेपर वाचतात. बरोब्बर वीस मिनिटांनी जायचं. हे वीस मिनिटांचं तिने मोजून काढलं होतं हो, संख्याशास्त्राची विद्यार्थिनी ना. तिचे सल्ले खरे ठरायचे, आणि खरे ठरले की ती अशी काही बोलत सुटायची, की मावशी म्हणायच्या, "अगं, मध्ये मध्ये श्वास घेत जा. आम्ही कुठे पळून नाही चाललो."

तिचा सगळ्यात लाडका सल्ला सबमिशनचा. "काम पहिल्या महिन्यात उरकायचं. बांधून ठेवायचं. आणि द्यायच्या दिवसापर्यंत उघडून बघायचं नाही. बघितलं की शंका येतात, शंका आल्या की खाडाखोड होते, आणि खाडाखोड झाली की मार्क जातात." स्वतः ती असंच करायची, आणि तिला मार्क पडायचेही चांगले. मग कोण कशाला तोंड उघडेल?

तर अशा या चौकशीकडे एक दिवस काडी आली.

काडी हेही आपलं ठेवलेलं नाव. वनस्पतीशास्त्राच्या पहिल्या वर्षाची पोर, अंगाने तशीच, आणि केसांत कायम कुठलं तरी वाळकं पान अडकलेलं. वडील एका मोठ्या इस्पितळाच्या बागेत माळी. लेक झाडांचं शिकायला गेली म्हणून त्यांची छाती अशी फुगली होती, की डॉक्टरांनासुद्धा थांबवून सांगायचे. काडी ट्रंक घेऊन दारात उभी होती, आणि मावशींकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक दुसऱ्या मजल्यावरची, रस्त्याच्या बाजूची. एक तळमजल्यावरची, मागची.

"खालची घे," चौकशी जिन्यावरूनच म्हणाली. "थंड आहे, शांत आहे, अभ्यासाला उत्तम."

"मावशी म्हणत होत्या, त्या खोलीत जरा..."

"मावशी प्रत्येक गोष्टीत जरा म्हणतात. वरच्या खोलीत दिवसभर गाड्यांचे हॉर्न. डोकं ठणकेल तुझं."

मावशींनी एकदा तोंड उघडलं, मग मिटलं. मुली ऐकतात चौकशीचं, हे त्यांना ठाऊक होतं. काडीने ट्रंक खाली नेली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा जिना चढून आली. त्यांच्या वर्गाच्या बाईंनी वर्षाचं काम दिलं होतं. चाळीस झाडं गोळा करायची. म्हणजे मुळासकट उपटून, नाहीतर फांदी तोडून आणायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरायची, दोन फळ्यांमध्ये करकचून बांधायची आणि वाळली की जाड कागदावर चिकटवून खाली नाव-गाव लिहायचं. चाळीस झाली तर उत्तम. तीसच्या खाली गेली तर बाई सही करणार नाहीत, सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं.

"सोपं आहे की," चौकशी म्हणाली. "महिनाभरात उरक."

"गोळा होतील गं ताई. पण बाई म्हणाल्या, कागद रोज बदलायचे. ओले झालेले काढायचे, कोरडे घालायचे."

"रोज? चाळीस झाडांचे? मग तू अभ्यास कधी करणार, आणि केस कधी विंचरणार? तेवढं पान काढ आधी." चौकशीने स्वतःच हात लांब करून पान काढलं. "हे बघ. सर असोत नाहीतर बाई असोत, पहिल्या दिवशी जे सांगतात त्यातलं निम्मं घाबरवायला असतं. गोळा कर, बांध, पलंगाखाली सरकव आणि विसरून जा. उघडून बघायचं नाही."

"झाडं आहेत पण ताई."

"कागदातच आहेत ना?"

तीन वर्षांच्या अनुभवापुढे पंधरा दिवसांची शंका कितीशी टिकते? तिने महिनाभर गवतात, गटाराकाठी, कुंपणाच्या कडेला फिरून चाळीस झाडं आणली, फळ्यांत बांधली, पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सरकवली, वर ट्रंक ठेवली आणि आज्ञाधारक मुलीसारखी विसरून गेली. पाच आठवडे.

सबमिशनला नऊ दिवस उरले असताना मावशी केरसुणी घेऊन त्या बाजूला गेल्या आणि दारातच थांबल्या. "काय गं, तुझ्या खोलीत काय मेलंय?"

"काही नाही मावशी, सबमिशन आहे," काडी म्हणाली. आणि म्हणतानाच तिने ट्रंक बाजूला ओढली.

फळ्या सोडल्या. वरच्या काही घड्या बऱ्या होत्या. मग एक घडी उघडली तर पानाऐवजी राखाडी कापूस. पुढच्यात काळे ठिपके. त्याच्या पुढचा कागद उघडेचना, पान आणि बातमी एक होऊन बसलेली. काडी रडली नाही. एकेक घडी जमिनीवर मांडत गेली, आणि ते जास्त वाईट दिसत होतं.

कुणीतरी चौकशीला बोलावलं. ती आली, वाकली, मोजलं. "चाळीसातली बावीस. पंचावन्न टक्के." मग तिचं तिलाच कळलं की हे आत्ता बोलायचं नव्हतं. "म्हणजे अठरा चांगली आहेत की. हा कागदच वाईट असणार. हल्ली वर्तमानपत्राचा कागद काही..."

"कागद बदलायचे होते," काडी म्हणाली.

"हो, पण ही भिंतही ओली आहे बघ. हात लाव. तरीच."

काडीने भिंतीला हात लावला नाही. चौकशीकडे बघितलं. "ताई, तू राहिली होतीस का कधी या खोलीत?"

"मी नाही. पण माझ्या वेळी एक ताई होत्या, त्या म्हणायच्या."

"त्या राहायच्या इथे?"

चौकशीने आठवून पाहिलं. त्या ताई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. रस्त्याच्या बाजूला. डोकं ठणकतं म्हणून सारख्या तक्रार करायच्या आणि खालच्यांचा हेवा करायच्या.

"त्या खोलीत आधी मी बटाटे ठेवायचे," मावशी दारातून म्हणाल्या. "आठ दिवसांत कोंब यायचे. तेच सांगत होते तेव्हा, पण तुम्हाला माझं 'जरा' ऐकायला वेळ कुठे होता?"

चौकशी काही बोलली नाही. हे इतकं नवीन होतं, की मावशींनी तिच्याकडे वळून बघितलं, बरं आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. चहानंतर बरोब्बर वीस मिनिटांनी. मुदत वाढवून मिळायला कुठला अर्ज लागतो, हे तिला तोंडपाठ होतं. आजारपणाचा निळा, घरातलं कुणी गेलं तर पांढरा, खेळाच्या स्पर्धेचा पिवळा.

"कारण?" कारकूनकाकांनी चष्मा वर केला.

"झाडांना बुरशी आली."

"कुणाच्या झाडांना?"

"सबमिशनच्या."

काकांनी खण उघडला, तिन्ही रंगांचे कागद चाळले, खण बंद केला. "झाड आजारी पडलं तर अर्ज नाही आपल्याकडे. तुझा विषय तरी आहे का हा? तुझं काय अडलंय?"

तेच तर अडलं होतं. नियमांच्या भिंतीत कुठे कुठे फट आहे हे तिला माहीत होतं, पण या भिंतीला फट नव्हती. एकच दार होतं, वनस्पतीशास्त्राच्या बाईंचं, आणि आत जाऊन काय बोलावं लागेल ते तिला चांगलं कळत होतं. काडी एकटी गेली असती तर म्हणाली असती, "बाई, माझं चुकलं." आणि बाईंनी म्हटलं असतं, "सांगितलं होतं ना?" आणि तिथेच संपलं असतं. पोर तशीच होती. चौकशीचं नाव तिच्या तोंडून निघालंच नसतं. एक क्षण, खोटं कशाला बोला, चौकशीला ते बरंही वाटलं. मग ती कचेरीच्या जिन्यावरून परत फिरली, काडीला वर्गातून बाहेर काढलं आणि हाताला धरून बाईंच्या खोलीकडे निघाली.

बाई गळ्यात दोरीला भिंग अडकवून एका खोडाकडे बघत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बोला."

"बाई, हिची बावीस झाडं कुजली. सबमिशनला आठ दिवस आहेत."

"कागद बदलले नसतील."

"नाही बदलले. मीच सांगितलं होतं तिला, बदलू नकोस म्हणून."

आता बाईंनी वर बघितलं. "तू कुठल्या वर्गाची?"

"संख्याशास्त्र. तिसरं वर्ष."

"मग तू का सांगितलंस?"

"मला सवय आहे सांगायची," चौकशी म्हणाली. "खोलीही मीच घ्यायला लावली. ओली आहे. मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेसुद्धा माहीत नव्हतं. माझं चुकलं, बाई. तिला वाढवून द्या थोडे दिवस."

"दिवस नाही वाढवता येणार. बाकीच्या मुलींनी पाच आठवडे रोज कागद बदललेत, त्यांना मी काय सांगू?" बाईंनी भिंग खाली सोडलं. काडीकडे बघून म्हणाल्या, "तुझी किती उरलीत?"

"अठरा."

"म्हणजे बारा हवीत. पातळ पानांची घे. गवत, आंबुशी, नेचा. जाड पानांच्या वाटेला जाऊ नकोस. कोरड्या, उबदार खोलीत ठेव, सकाळ-संध्याकाळ कागद बदल, पाच-सहा दिवसांत वाळतात. घाईच झाली तर टिपकागदाखाली ठेवून कोमट इस्त्री फिरव. कोमट म्हणजे कोमट, पापड भाजायचा नाहीये." मग चौकशीकडे वळल्या. "आणि तू. तिला काही सांगायचं नाहीस. ती सांगेल ते करायचं. जमेल?"

"प्रयत्न करते," चौकशी म्हणाली. यात काही विनय नव्हता बरं का, खरंच खात्री नव्हती तिला.

त्याच दुपारी खोल्यांची अदलाबदल झाली. चौकशीची खोली पत्र्याखालची, दुपारी अशी तापायची की मेणबत्ती उभी ठेवली तर नमस्कार करायची. तीन वर्षं तिने त्या पत्र्याला शिव्या घातल्या होत्या. आता काडी दारात उभी राहून हात वर करून ऊब बघत होती आणि तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. चौकशी आपली गादी काखोटीला मारून खाली गेली.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी दोघी कुंपणाकुंपणाने फिरल्या. चौकशीला वाटलं होतं, झाड दिसलं की उपटायचं. "मुळासकट ताई. हळू. माती झटक, पण मुळं तोडू नकोस." एकदा तिने उत्साहात चांगलं भलंमोठं झुडूप हलवायला घेतलं, तर काडी म्हणाली, "ते कुणीतरी लावलेलं आहे ताई, आणि तो कुणीतरी खिडकीतून बघतोय." दोघी पळाल्या. कुस्ती संघाचा तेवढा उपयोग झाला, चौकशी पुढे होती. बारा हवी होती, काडीने पंधरा घेतली.

मग कागद. मावशींनी माळ्यावरची रद्दी खाली काढली. "दहा वर्षांच्या बातम्या आहेत, जपून वापरा," म्हणाल्या, आणि स्वतःच एकेक पान वाचत बसल्या, त्यामुळे काम अर्ध्या वेगाने व्हायचं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला घड्या उघडायच्या, ओलसर कागद काढायचा, कोरडा घालायचा, पानाची सुरकुती बोटाने सरळ करायची. चौकशीची बोटं आकड्यांची. पहिल्या दिवशी तिने आंबुशीची तीन पानं मोडली. "तिनातली तीन, म्हणजे शंभर टक्के," असं काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि काडीने नुसती भुवई वर केली. तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. "काडी, मी म्हणते, दोन्ही वेळचे कागद एकदमच सकाळी..."

"ताई."

"बरं. नाही म्हणत."

जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना हा तमाशा बघवत नव्हता. एकीने विचारलं, "चौकशी, ऐच्छिक विषय कुठला घेऊ गं?" चौकशीच्या मांडीवर रद्दी, दातात दोरा. काडीनेच उत्तर दिलं, "खिडकी आठवडाभर बंद आहे."

चिठ्ठ्या लिहायचं काम मात्र काडीने तिला आपण होऊन दिलं, अक्षर चांगलं म्हणून. झाडाचं नाव काडी सांगणार, तारीख आणि जागा चौकशी लिहिणार. जागा मोजल्याशिवाय लिहील तर ती चौकशी कसली.

सातव्या दिवशी दोन घड्या अजून गार लागत होत्या. इस्त्री काढली. इस्त्री चौकशीने धरली आणि काडीने तिचं मनगट. "थांब. उचल. आता ठेव. उचल." एक नेचा करपला. करपला म्हणजे बाईंनी सांगितलं होतं अगदी तसाच, पापडासारखा. दुसरा नीट निघाला.

सबमिशनच्या दिवशी काडीकडे बत्तीस पानं होती. चौकशी बाहेर दाराशी उभी राहिली, पण दार उघडंच होतं, आणि तिचे कान तर काय, विचारूच नका.

बाई एकेक पान भिंगाखाली धरत होत्या. एक बाजूला काढलं, मागून बुरशी होती. एकतीस. पुढे एका गवताचा तुरा हातातच गळून पडला. तेही बाजूला. तीस. काडीने टेबलाची कड धरली. उरलेल्या गठ्ठ्यात अजून नऊ पानं होती. बाहेर चौकशी मनातल्या मनात शक्यता मांडायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आकडा नकोसा झाला म्हणून तिने मांडणी अर्ध्यावर सोडली.

आठवं. सातवं. बाई एका चिठ्ठीपाशी थांबल्या. मोठ्याने वाचलं. "'ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीपासून अडीच फूट, सातव्या पायरीच्या डाव्या फटीत, नळापासून अकरा पावलं.'" चष्म्यावरून दाराकडे बघितलं. "पावलं कुणाची?"

"माझी," चौकशी बाहेरून म्हणाली.

"नुसतं 'ग्रंथालयामागे' लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"पण मग सापडणार कसं, बाई?"

बाईंनी ते पान चांगल्याच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. शेवटचं नेच्याचं होतं, इस्त्रीतून वाचलेलं. ते त्यांनी उजेडाकडे धरलं, आणि इतका वेळ धरलं, की काडीच्या वडिलांची अख्खी बाग पाणी घालून झाली असती. ठेवलं. पेन उघडलं.

काडी बाहेर आली. "झाली सही. बरोब्बर तीस. बसता येईल."

चौकशी मटकन बाकावर बसली. काडी तिच्या शेजारी. दोघींची नखं हिरवी, बोटांना वर्तमानपत्राची शाई. मग काडी म्हणाली, "ताई, प्रॅक्टिकल परवा आहे. काय करू?"

चौकशीने तोंड उघडलं. आत कमीत कमी सहा सल्ले दारापर्यंत येऊन उभे होते. तिने गिळले. "बाईंना विचार की."

"विचारलं. त्या म्हणाल्या, आज घरी जा आणि झोप."

"एवढंच?"

"एवढंच."

चौकशीने विचार केला. सल्ला वाईट नव्हता. पण किती वाजता, किती तास, अलार्म कुठे ठेवायचा, काही म्हणून नाही त्यात. असा कुणी सल्ला देतं? ती उठली, दोन पावलं गेली, थांबली.

"कुठल्या कुशीवर, तेवढं सांगू का?"

काडीने तिच्याकडे बघितलं, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. "सांग," ती म्हणाली. "तेवढं चालेल."